ताटलीच्या शेवटी हरणाबाई

आधीच सांगून ठेवतो. पटलं तर वाचा, नाही पटलं तर पुढं चला. एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. वाद घालून घालून घसा बसलाय, आता नव्यानं घालणार नाही.

पण हे घडलेलं आहे. मी तिथं होतो. माझ्याच हातानं झालं सगळं.

माझी नात मोबाईलवर भुताच्या गोष्टी वाचत बसते. अमावस्या, रात्रीचे बारा, पिंपळ, पांढरी साडी. मी म्हटलं, "बाई गं, माझ्या वाट्याला जे आलं ते भर दुपारी आलं. आणि आम्ही तेव्हा चहा पीत होतो."

ती म्हणाली, "मग लिहा की आजोबा."

म्हणून हा उद्योग.

तारीख १९ मे १९७४. रविवार. दुपारचे सव्वादोन. मिरज, सतारमेकर गल्ली, इमामचाचांचं दुकान. रेल्वेचा संप चालू होता आणि आमच्या गाड्यांच्या टपावरसुद्धा माणसं बसत होती. त्यामुळं तारीख पक्की ध्यानात आहे.

मी नाथाजी. तेव्हा सत्तावीस वर्षांचा. सांगली–पाटण गाडीवर कंडक्टर. लग्न ठरत नव्हतं, कारण डोक्यात एकच खूळ होतं.

जुन्या ताटल्या.

ताटली म्हणजे फोनोची, ग्रामोफोनची, रेकॉर्ड. जुनी, जड, काळी. हातातून सुटली की कौलासारखी फुटायची. फोनोला चावी द्यायची, साउंडबॉक्सला पिन लावायची, ती ताटलीवर टेकवायची, की कर्ण्यातून तीन मिनिटं गाणं. तोवर घरोघरी ट्रान्झिस्टर आले होते आणि लोक ताटल्या फेकून देत होते. पाटणला एका बाईनं रांजणावर झाकण म्हणून ठेवलेली ताटली मी हातापाया पडून आणलेली आहे. हसू नका. त्या ताटलीवर जे गाणं निघालं ते ऐकून हवालदारसाहेब रडले होते.

हे हवालदारसाहेब म्हणजे पलूसचे लालासाहेब. फौजेतून रिटायर झालेले, मिशा अजून ड्युटीवर. उसाला पाणी पाजायचं सोडून दर रविवारी मिरजेला यायचे. तिसरे इमामचाचा. तंबोरे बनवायचे. दुकानात आढ्याला ओळीनं तंबोरे टांगलेले, खाली भोपळे, लाकडाचा भुसा, आणि कोपऱ्यात मोठ्या कर्ण्याचा फोनो. आतल्या पडद्यामागं अख्तरबी चाची. त्या समोर यायच्या नाहीत, पण गाणं आवडलं की पडद्यामागून हुकूम यायचा, "परत लावा."

एवढीच आमची मंडळी.

रविवारी कुणाला काय सापडलं ते बाहेर काढायचं, ऐकायचं, आणि मग भांडायचं. लालासाहेबांचं म्हणणं, समोर बसून ऐकलं तेच गाणं.

"पुण्याला हुतो बघ मी," त्यांचं नेहमीचं सुरू व्हायचं. "मैफल रंगली आन् लाईट गेली. पर बाई थांबली न्हाई. तासभर अंधारात गायली गड्या! कुणी काडी वढली न्हाई का खोकलं न्हाई. त्ये तुज्या ताटलीत येतंय व्हय?"

"आणि ती बाई आज कुठाय?" मी म्हणायचो. "गेली. तिचा तो अंधारातला आवाज? तोही गेला. माझी ताटली बघा. ही मरत नाही."

चाचा तंबोऱ्याच्या तारांखाली बसवायचं हाड कानशीनं घासत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "ताटली पण मरते, नाथाजी. पिनेनं मरते. एक पिन, एक बाजू. वाजवली की पिन फेकून द्यायची. झिजलेली पिन ताटलीला खाते."

आमच्यातला हा एकच नियम होता.

तो मी मोडला.

फेब्रुवारीत पाटणच्या बाजारात एका भंगारवाल्याच्या पोत्यात मला ती सापडली. लेबल अर्धं फाटलेलं, नाव दिसत नव्हतं. पण ताटलीवर ओरखडा नाही. कुणीतरी लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून जपलेली होती. धडपा अजून तसाच होता, त्याला हळदीचा वास.

रविवारी चाचांकडं लावली.

एका पोरीचा आवाज. कोवळा, पण सुरांत पक्का. भैरवीतली लहानशी चीज. आम्ही गप्प बसून ऐकत होतो. गाणं संपलं, क्षणभर थांबलं, आणि ती पोरगी मोठ्यानं ओरडली...

"माय नेम इज... हरणाबाई... सातारा!"

आणि ओरडून झाल्यावर खुदकन हसली.

ताटल्या नव्यानं निघाल्या त्या काळी तशी पद्धतच होती. ताटल्या परदेशातल्या कारखान्यात छापायच्या. कुणाचं गाणं ते तिकडच्या लोकांना कळायला हवं, म्हणून गाणाऱ्यानं शेवटी इंग्रजीत नाव सांगायचं. कुणी दरबारात सांगावं तसं सांगायचं, कुणी घाबरत. पण हसलेली मी एकही ऐकली नव्हती.

"या अल्ला!" चाची पडद्यामागून म्हणाल्या. "किती लहान पोरगी हाय ही. परत लावा."

चार वेळा लावली. चार पिना गेल्या.

आणि मग मला चढली. अशी ताटली कुणाकडंच नाही! मी ती सोबत घेऊन फिरायला लागलो. माझ्याकडं पेटीत मावणारा लहान फोनो होता. आमची मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात लागली की देवळाच्या पारावर पेटी उघडायची. बाया-माणसं जमायची. गाण्याला एवढे नाही, पण शेवटच्या त्या "माय नेम इज"ला लोक लोळून हसायचे. "कंडक्टर, पुन्यांदा! पुन्यांदा!"

आणि मी पुन्हा लावायचो. लोकांना ते हसणं आवडायचं आणि मला लोकांनी मला "ताटलीवाला कंडक्टर" म्हणणं.

पिना पुरेनात. सांगलीच्या दुकानानं ठेवायच्या बंद केल्या होत्या. मग मी जुनीच पिन दगडावर घासून परत लावायला लागलो. एका पिनेत दहा-दहा वेळा. चाचांना बोललो नाही. अडीच महिन्यांत दोनशे वेळा तरी वाजवली असेल.

झिजलेली पिन सगळ्यात जास्त खाते ती ताटलीचा शेवट. आत, लेबलाजवळ. तिथं रेघा दाटीनं असतात आणि तिथं पोचेपर्यंत पिनेची छिन्नी झालेली असते.

एप्रिल संपता संपता "माय नेम इज"च्या जागी नुसती खरखर यायला लागली. मी म्हटलं, जाऊ दे. गाणं तर वाजतंय ना?

असला शहाणा होतो मी.

मेच्या पहिल्या आठवड्यात पाटणच्या स्टँडवर एक म्हातारी गाडीत चढली. काटक, सत्तरीच्या आसपासची. तिकीट काढलं नाही, माझ्याकडंच बघत राहिली.

"आवं, तुमीच व्हय त्ये ताटलीवालं कंडक्टर?"

"मीच. कुठलं देऊ तिकीट?"

"कुटलंच नगं. हळदीच्या धडप्यातली ताटली तुमास्नीच घावली न्हवं?"

म्हटलं, परत मागते की काय. पण ती मागत नव्हती.

तिचं नाव साळूबाई. ताटलीतली पोरगी तिची थोरली बहीण. साताऱ्याला मामाकडं राहायला गेली, तिथं एका गाणाऱ्या बाईकडं शिकली आणि मुंबईला जाऊन ताटलीत गायली. शेतकरी घरातली पोरगी ताटलीत गाते म्हटल्यावर बापानं तोंड बघायचं नाही म्हणून सांगितलं. एकदा ती आली होती. बापानं उंबरा ओलांडू दिला नाही. परड्यातल्या कुपाटीवरून, काट्यांच्या कुंपणावरून, तिनं साळूच्या हातात ताटली दिली, म्हणाली, माझी आठवण आली की वाजीव. आणि गेली. पुढच्याच वर्षी, १९१८ च्या मानमोडीच्या तापाच्या साथीत मुंबईत मेली. कुठं, कुणी नेलं, काही पत्ता नाही.

"बानं माज्याकडनं पालीच्या खंडोबाचा बेल-भंडारा उचलून शपत घेतली," साळूबाई म्हणाली. "तिचं नाव ह्या तोंडातनं काडायचं न्हाई. काडलं तर पोटच्या पोरास्नी लागंल. तवा मी बारा-तेरा वर्साची. आजपतूर काडलं न्हाई बगा. पितरांत सगळ्यांच्या नावानं घास निगतो, तिच्या नावानं न्हाई."

"मग ताटली?"

"जत्रंला फोनोवाला यायचा. त्येच्याकडनं वाजवून घ्यायची. माजं तोंड बांदलेलं, पर तिची ती नाव सांगती की! कुणाला कुटं आडवतंय? आन् हासती." म्हातारीचा चेहरा उजळला. "आट येळा आयकलं मी. पुढं त्यो फोनोवालाच यायचा बंद झाला. औंदा मी दवाखान्यात पडले आन् पोरानं ट्रंक रिकामी केली. त्येला बिचाऱ्याला काय म्हाईत."

तिनं माझा हात धरला.

"ताटली नगं मला. मी काय आता लय दिस काडत न्हाई. एकदा तिच्या तोंडनं तिचं नाव तेवडं आयकवा."

आठ वेळा. त्या बाईनं आख्ख्या जन्मात आठ वेळा ऐकलं होतं. मी दोनशे वेळा वाजवून त्याची राख केली होती, पारावरच्या लोकांना हसवायला.

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही. मी म्हणालो, "आजी, येत्या एकोणीस तारखेला रविवार आहे. माझ्या गाडीनं मिरजेला चला. मोठ्या फोनोवर ऐकवतो."

घंटी मारली आणि पुढच्या दारात जाऊन उभा राहिलो. लाज वाटत होती हो. अजून वाटते.

मधल्या रविवारी, बारा तारखेला, चाचांकडं गेलो आणि सगळं ओकलो. चाचांनी ताटली उन्हात धरली. लेबलाभोवती करडं कडं पडलेलं.

"राख आहे ही," ते म्हणाले. आणि ताटली माझ्या हातात ठेवली.

लालासाहेबांनी तर तोंडच सोडलं. जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नवी पिन लावून बघितली. गाणं आलं, दबलेलं. मग शेवटी... खर्रर्र. दुसरं काही नाही.

मन रमवायला म्हणून चाचांनी दुसरीच एक ताटली लावली. एका बुवांची. बुवा गायले, शेवटी आपलं नाव सांगितलं, थांबले. आणि मग...

कुणीतरी श्वास घेतला.

बोलायच्या आधी आपण घेतो तसा. छाती भरून. आणि तो तिथंच अडकला.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"ही ताटली माझ्याकडं वीस वर्षं आहे," चाचा म्हणाले. "ह्याच्यात हे नाही."

तिसरी लावली. चौथी लावली. वेगळे गाणारे, वेगळी गाणी. प्रत्येकीच्या शेवटी...

तोच श्वास. पोरीचा.

आणि लालासाहेब वर बघायला लागले. आढ्याच्या टोकाला एक तंबोरा गुणगुणत होता. अगदी बारीक. आता, खोलीत सूर लागला की टांगलेल्या तंबोऱ्याच्या तारा आपोआप वाजतात, ते आम्हाला रोजचं होतं.

"चाचा, त्यो कोपऱ्यातला वाजतोय."

चाचा उठले. हात लावून बघितला आणि हात मागं घेतला.

"ह्याला अजून तारा चढवलेल्या नाहीत," ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही चहा न पिताच उठलो.

एकोणीस तारखेला साळूबाईला मी माझ्या गाडीनं आणलं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिला माझी कंडक्टरची सीट दिली आणि सांगलीपर्यंत उभ्यानं आलो. वाटेत दहा वेळा मनाशी ठरवलं, आता सांगतो. ती इरकली लुगडं नेसून आली होती. डोईवर पदर, कपाळावर ताजा भंडारा. लग्नाला निघाल्यासारखी. मला नाही जमलं.

चाची पहिल्यांदा पडद्याबाहेर आल्या. साळूबाईला हाताला धरून चटईवर बसवलं, बशीत चहा ओतून दिला. लालासाहेब दाराशी टोपी हातात घेऊन उभे.

"नाथाजी," चाचा हळू म्हणाले, "आधी पिन बदल."

मी जुनी पिन काढली, डब्यात टाकली. नवी घेतली. तेवढ्यात साळूबाई म्हणाली, "लेकरा, त्यो धडपा द्या की हिकडं." मी तो हळदीच्या वासाचा धडपा तिला दिला. तिनं तो मांडीवर पसरला. मी परत फोनोकडं वळलो, चावी दिली, साउंडबॉक्स ताटलीवर टेकवला.

आणि हरणाबाई गायला लागली.

सुरुवातीलाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना.

मग कळलं... खरखर नव्हती.

फोनोवर खरखर नाही असं होतच नाही. ती तर अजिबातच नव्हती. नुसता आवाज. कोवळा, स्वच्छ, खोलीत बसून गावं तसा. मी दोनशे वेळा ऐकलेलं गाणं, पण त्यात मला कधी न ऐकू आलेले बारकावे होते. मधे तिनं आवंढा गिळला तोसुद्धा ऐकू आला. लालासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. समोर बसून ऐकलं तेच गाणं म्हणणारा माणूस.

साळूबाई कर्ण्याकडं बघत नव्हती. ती दाराकडं बघत होती.

गाणं संपलं.

ताटली फिरत होती.

मग... श्वास.

थांबला.

परत... श्वास. परत थांबला.

बोलायचं आहे आणि काय बोलायचं ते सापडत नाही, असं. ताटली फिरतच होती. चावी केव्हाच उतरायला हवी होती.

"लेकरा," साळूबाई म्हणाली, "नाव कुटं गेलं तिचं?"

आता सुटका नव्हती. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो.

"आजी, मी घालवलं. लोकांना हसवायला वाजवत राहिलो, झिजलेल्या पिनेनं. नाव घासून गेलं. तुम्हाला खोटं सांगून आणलं. मला माफ करा."

तिनं मला शिवी द्यायला हवी होती. कानफटात मारायला हवी होती. मला बरं वाटलं असतं.

ती नुसती म्हणाली, "मग आता ती आपलं नाव काय म्हून सांगंल, बाबा?"

कर्ण्यातून पुन्हा श्वास आला. या वेळी थोडा कापरा. रडू येण्याआधीचा असतो तसा.

साळूबाईनं ऐकलं. आणि तिला समजलं. आमच्या आधी तिलाच समजलं.

"आगं बया... ती माजी वाट बगतीया."

तिनं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली. कपाळाला लावली, जमिनीवर ठेवली. हात जोडले. "देवा, काय लावायचं त्ये मला लाव. माज्या पोरास्नी हात लावू नगंस." आणि पन्नासाहून जास्त वर्षं बंद ठेवलेलं तोंड उघडलं.

"आक्का..." आवाज फुटेना. तिनं परत श्वास घेतला. "हरणाआक्का! हरणे! मी हाय गं हितं!"

आढ्यावरचे सगळे तंबोरे एकदम वाजले. तारा असलेले, नसलेले, सगळे. एकाच सुरात.

आणि कर्ण्यातून, इंग्रजीत नाही, ओरडून नाही, कुपाटीवरून हळूच हाक मारावी तशी...

"साळू?"

मग ते हसणं. खुदकन.

आणि ताटली थांबली.

कोण कुठं होतं, कोण काय बोललं, मला सांगता येणार नाही. चाची रडत होत्या एवढं आठवतं. साळूबाई तोंडाला पदर लावून हसत होती का रडत होती, देव जाणे.

थोड्या वेळानं ती लहान पोरीसारखी म्हणाली, "पुन्यांदा लाव की."

मी उठलो. साउंडबॉक्स उचलला. आणि तसाच उभा राहिलो.

त्यात पिन नव्हती.

चाचांनी बोट दाखवलं. नवी पिन फोनोशेजारच्या रिकाम्या बशीत पडली होती. धडपा द्यायला वळलो तेव्हा मीच ती तिथं ठेवली होती, आणि लावायची विसरलो होतो.

मग वाजलं काय?

मला विचारू नका. मी तेव्हापासून तेच विचारतोय.

ती नवी पिन लावून चार वेळा वाजवली. म्हातारी मागत होती, मी वाजवत होतो. दबलेलं गाणं आणि शेवटी खर्रर्र. श्वास नाही, हाक नाही, हसू नाही. चौथ्या वेळेला साळूबाईनं हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या आता. टोचतंय तिला."

ताटली मी तिलाच दिली. तिनं ती धडप्यात गुंडाळली. परतीच्या गाडीत ती शेजारच्या बाईला सांगत होती, "माजी थोरली भन, हरणा. हरणा नाव तिचं. लय ग्वाड गायाची." ती बाई उतरली की तिच्या जागी बसणारीला. मग तिच्या नंतरच्या माणसाला. सांगलीपासून पाटणपर्यंत ती नाव घेत होती आणि मी तिकिटं फाडत होतो. मला पुढचं नीट दिसत नव्हतं.

साळूबाई त्याच वर्षी भाद्रपदात गेली. तिच्या मुलानं स्टँडवर येऊन सांगितलं. पितरांच्या पंधरवड्यात तिनं त्याच्याकडून हरणामावशीच्या नावानं घास काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी झोपेतच संपली. तिच्या सांगण्यावरून ताटली सरणावर ठेवली. मुलगा चांगला ऐंशी वर्षं जगला. त्याच्या पोराबाळांना काही झालं नाही. बेल-भंडाऱ्याचं भय त्या बाईनं सगळा जन्म उगाच बाळगलं. मला त्याचा राग येतो, पण राग करायला आता तिचा बाप तरी कुठं आहे?

चाचा गेले, चाची गेल्या, लालासाहेब गेले. माझा फोनो मी कधीच देऊन टाकला. त्या दिवशी जे होते त्यांतला मी एकटा उरलोय. दरवर्षी भाद्रपदात मीही एक घास काढतो. नातं काही नाही. पण नाव मी खाल्लं, तर घास मीच काढायला नको का?

एक गोष्ट मात्र सुटत नाही. हरणाबाईचं ते नाव सांगणं, तिच्या आवाजात, मला अजून जसंच्या तसं आठवतं. दोनशे वेळा ऐकलेलं. जगात आता ते फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि मला ते कुणाला देता येत नाही. मी गेलो की गेलं.

परवा हे सगळं नातीला सांगत होतो. ती मोबाईलवर टिपून घेत होती, माझा आवाजही भरून घेत होती. म्हणाली, "आजोबा, कसं म्हणायची ती? म्हणून दाखवा."

मी घसा खाकरला. बसलेला घसा, काय निघणार? तरी म्हटलं. "माय नेम इज... हरणाबाई... सातारा."

नातीनं भरलेलं परत लावून ऐकलं. माझाच घोगरा आवाज. ती मान डोलवत ऐकत होती. मग थांबली आणि शेवटचं तेवढं पुन्हा लावलं.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही म्हणून झाल्यावर... हे हसलं कोण?"

घरात आम्ही दोघंच होतो.

मी तिला म्हटलं, "ते पुसू नकोस, बाळ. आणि सारखं सारखं लावू पण नकोस."